बुगडीतला वैशाख

आभार मानायचे झाले तर मी आधी बुगडीचे मानेन आणि मग वन्संचे. क्रम उलटा लावला तर वन्सं म्हणतील, "झालं, म्हातारीला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंस." त्यांना कौतुक पचत नाही. पण खरं तेच आहे. या दोघींनी मिळून मला माझे कान परत दिले, आणि मधल्या काळात मी जो दीडशहाणपणा केला तो निमूट सोसला.

मी विजयमाला देसाई. आजऱ्याच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाले. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, प्रमिलाताई. त्यांचे यजमान फार पूर्वी गेले, माझे सहा-सात वर्षांपूर्वी. आता आम्ही दोघी शेजारी शेजारी राहतो, मधे एक भिंत आणि भिंतीत एक दार. वन्सं शिवणक्लास चालवायच्या. अजूनही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात, आणि ओवला की एकदा माझ्याकडे बघतात. त्यांची लेक अनघा बेळगावला असते. आईनं आपल्याकडे राहायला यावं म्हणून ती दर सणाला विषय काढते, आणि वन्संचं उत्तर ठरलेलं असतं, "डोळे आहेत तोवर डोंगर आहे. डोळे गेले की तुझ्याकडेच."

डोंगर म्हणजे गावाबाहेरचा गवळदेवाचा. पाडव्यापासून मृगापर्यंत आम्ही रोज सकाळी तिथं पक्षी आणि किडे बघायला जातो. लोकांचं आम्हाला खुळ्यात काढून झालं, मग कौतुक करून झालं, आता कुणी काही म्हणत नाही. आमचा एकच नियम होता. एकीनं ऐकायचं, दुसरीनं बघायचं, आणि दोन्ही जुळलं तरच नोंद करायची. सुरुवातीला दोघीही दोन्ही करत होतो, पण त्यात फार भांडणं व्हायची. मग मी कान झाले आणि वन्सं डोळे. मी म्हणायची, "डावीकडं, वर, चष्मेवाले." डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेल्या त्या इवल्या पक्ष्यांवर वन्सं दुर्बीण लावायच्या आणि म्हणायच्या, "जुळलं." नणंद-भावजयीचं आयुष्यात कशावर तरी जुळतंय याचं माझ्या नवऱ्याला फार अप्रूप होतं. या नोंदी आम्ही राज्याच्या पक्षीनोंदींच्या साठ्यात वर्षानुवर्षं पाठवत आलो.

गेल्या माघात गावात आरोग्य शिबिर झालं आणि तिथं कळलं की माझे कान वरच्या पट्टीत जवळजवळ बंद आहेत. मी हसलेच. म्हटलं, अहो, गाण्याच्या बाईला सांगताय? तपासणाऱ्या मुलीनं यंत्रावर एक स्वर लावला. तिला ऐकू येत होता, दारात उभ्या असलेल्या वन्संना येत होता, मला नाही. वन्सं तेव्हा खाली बघत होत्या. मला वाटलं, माझी दया आली असेल.

पुढं गडहिंग्लजला डॉक्टर मृण्मयी नाईक यांच्याकडे गेलो. कानांच्या डॉक्टर, वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा, आणि समजावून सांगायला बिलकुल न कंटाळणाऱ्या. त्या म्हणाल्या, "कानाच्या आत शंखासारखी नळी असते आणि तिच्यात बारीक केसांच्या पेशी. बारीक, उंच आवाजाच्या पेशी अगदी दाराशी, जाड आवाजाच्या आत खोल. प्रत्येक आवाज दारातूनच आत येतो, त्यामुळं दाराशी असलेल्या आधी झिजतात. उंबऱ्यावरचं पायपुसणं झिजतं तसं. जुनी यंत्रं आवाज नुसता मोठा करायची. पण तिथं घेणारंच कुणी उरलं नसेल तर ओरडून काय उपयोग?"

नवं यंत्र तसं नव्हतं. कानाच्या वरच्या पाळीला लावायचं, टपोऱ्या मोत्याएवढं. त्याचं कंपनीनं ठेवलेलं नाव कुणालाच उच्चारता येत नव्हतं, म्हणून सगळ्या भागात त्याला बुगडीच म्हणतात. बुगडी दोन कामं करते. उंच आवाज पकडून ते खालच्या पट्टीत, जिवंत पेशींपर्यंत आणून सोडते. ते पहिलं. दुसऱ्या कामाला डॉक्टरीणबाई पूर्ती म्हणाल्या. "आरती चालू असताना भोंगा मधेच खरखरला तर तुम्हाला ओळ तुटल्यासारखी वाटते का? नाही ना. मन पुढचं भरून घेतं. बुगडी तेच करते. वाऱ्यात, गोंगाटात आवाज तुटला की जागा कुठली, महिना कुठला, वेळ काय हे बघते आणि तिथं जे असायला हवं ते भरते. लग्नाच्या मांडवातसुद्धा तुम्हाला समोरच्याचं प्रत्येक वाक्य पुरं ऐकू येईल."

आणि आलं. देवाशपथ सांगते, आलं.

पाडव्याला पहिल्यांदा बुगडी घालून डोंगरावर गेले. पायथ्याच्या गवतात नाकतोडे किरकिरत होते. इतके नाकतोडे जगात असतात हे मी विसरूनच गेले होते. आंब्यावरच्या बांडगुळात फुलटोच्या टिक् टिक् करत होता. सुताराचे भुंगे वाळल्या लाकडाशी घुमत होते आणि त्या घुमण्यातसुद्धा वरचा एक बारीक स्वर होता. मी वाटेतच खाली बसले आणि रडले. वन्संनी पदराचा शेव माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "रड, पण आवाज करू नको, शिंजीर उडून जाईल."

चैत्र असा गेला. मग वैशाखाच्या तोंडावर बिनसायला लागलं.

मला ऐकू येत होतं आणि वन्संना दिसत नव्हतं. "उजवीकडं, सावरीच्या शेंड्यावर, हळद्या," मी म्हणायची. वन्सं दुर्बीण फिरवायच्या, पुन्हा फिरवायच्या. "कुठंय गं?" "अहो, तिथंच तर गातोय." "मला तर पानंच दिसतायत." एक दिवस झालं, दोन दिवस झालं, मग रोजच व्हायला लागलं. वन्सं दुर्बिणीची काच पुसायच्या, मग डोळे पुसायच्या. मी मात्र अशी चढले होते की विचारू नका. इतक्या वर्षांनी कान आले होते ना, मग जमिनीवर पाय कशाला ठरतील? एकदा मी म्हटलंसुद्धा, "वन्सं, आता डोळ्यांचंही बघायला हवं बरं का." हसत म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

मग नवरंगाचं झालं. नवरंग हा आमच्याकडचा जावई. मृगाच्या आधी आठवडाभर येतो, हिरवी पाठ, पोटाखाली कुंकवासारखा लाल, आणि पाचोळ्यात टुणटुण उड्या मारत फिरतो. त्या दिवशी नाल्याच्या काठी वन्संनी माझा दंड धरला. "विजू, नवरंग. खाली, जांभळीच्या मुळाशी."

मी कान दिला. मला स्वच्छ कस्तूर ऐकू येत होता. त्याची ती लांबलचक शीळ. "वन्सं, कस्तूर आहे तो," मी म्हटलं. "तोही पाचोळ्यातच असतो."

"अगं, डोळ्यावरची काळी पट्टी दिसली मला."

"मृग कुठं, आपण कुठं. अजून सव्वा महिना आहे. नवरंग आत्ता कसा येईल?"

मी बघायला वाकले तोवर तो जाळीत शिरला होता. जुळलं नाही, म्हणून नोंद नाही. उतरताना त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढून पिशवीत ठेवली. डोंगर पुरता उतरायच्या आधी त्यांनी दुर्बीण काढलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

त्या आठवड्यात अनघा येऊन त्यांना बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, पूर्वी केलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालेलं आहे, पडदा चांगला आहे, या वयात असे डोळे बघायला मिळत नाहीत. आम्हाला वाटलं, सुटलो. पण वन्सं परत आल्या त्या पार उतरलेल्या तोंडानं. मधल्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "डोळे चांगले आहेत म्हणे. म्हणजे डोकं गेलं. असलेलं दिसत नाही आणि नसलेलं दिसतंय. माझ्या सासूचं असंच सुरू झालं होतं."

"काहीतरीच काय वन्सं."

"काहीतरीच नाही. अनघाला सांगितलंय, या महिन्याअखेर येते म्हणून. तुझ्या गळ्यात पडण्यापेक्षा लेकीच्या पडलेलं बरं."

मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. माझे कान तर खणखणीत होते. मग चूक कुणाची असणार? वन्सं ट्रंकेतून साड्या काढून बॅगेत रचायला लागल्या आणि मी घड्या घालू लागले. इतकी मी शहाणी.

दोन दिवसांनी जोराचा वळीव झाला. गेली पाच-सहा वर्षं हे वळीव असेच, अवेळी आणि दांडगे. सकाळी मी एकटीच डोंगरावर गेले. वन्सं म्हणाल्या, त्यांना आता नको. वरच्या टेपाडावर आमची जुनी सावर मुळासकट आडवी झाली होती. तिच्या शेंड्याजवळच्या ढोलीत तांबट दरवर्षी पिल्लं काढायचा. ढोली फुटून जमिनीवर पडली होती, तिच्यावर मुंग्या चढत होत्या.

मी तिथल्याच दगडावर टेकले आणि मला वरून तांबट ऐकू आला. टुक, टुक, टुक. अगदी नेहमीच्या उंचीवरून, शेंडा जिथं होता तिथून. मी वर बघितलं. तिथं काहीही नव्हतं. फांदी नाही, पान नाही, नुसतं आभाळ. आणि आभाळातून तांबट बोलत होता.

तांबटाचा आवाज जाड. तो मला बुगडीशिवायसुद्धा ऐकू यायला हवा, एवढं मला डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं. मी बुगडी काढली.

तांबट थांबला. हळद्या थांबला. मघापासून माझ्याभोवती गजबजलेला सगळा डोंगर गप्प झाला. उरला तो वारा, दूर कुठंतरी एक कावळा आणि माझा स्वतःचा श्वास. मी बुगडी पुन्हा लावली, आणि डोंगर पुन्हा भरला. काढली, रिकामा झाला. तीन-चारदा तसं केलं. मग वन्संच्या नावानं हाका मारत, रडत रडत मी खाली आले. वाटेत गवळी भेटला, तो बाजूला सरून उभा राहिला.

घरी न जाता तशीच गडहिंग्लजची गाडी पकडली. डॉक्टरीणबाईंनी बुगडी संगणकाला लावली, बराच वेळ पडद्यावर बघत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा पडला.

"पूर्ती फार भरतेय," त्या म्हणाल्या. "शहरात दोन शब्दांमधली फट भरायची असते. तुमच्या डोंगरावर फटीच फार आहेत. पक्षी कमी झालेत, किडे तर फारच. यंत्राला वाटतं आवाज तुटलाय, म्हणून ते जोडत जातं."

"पण ते आवाज त्याला मिळतात कुठून? आमचाच तांबट, आमचीच सावर. त्याला कसं कळलं?"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "गावोगावच्या जुन्या पक्षीनोंदी याला शिकवलेल्या आहेत. कुठल्या महिन्यात, कुठं, कोण. आणि गवळदेव डोंगराच्या सगळ्या नोंदी दोनच नावांवर आहेत. एक तुमचं आहे."

म्हणजे दोन महिने मी ऐकत होते ते आमचेच जुने चैत्र-वैशाख होते. वन्संनी बघितलेले आणि मी ऐकलेले. त्या यंत्रानं आमचीच शिदोरी आमच्यापुढं वाढली होती. राग यायला हवा होता, पण मला इतकं भरून आलं की डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा पेला पुढं केला.

मग एकदम आठवलं. "आणि नवरंग? वन्संना वैशाखात नवरंग दिसला, मला कस्तूर ऐकू आला."

"जुन्या नोंदींत वैशाखात नवरंग नाहीच. मग यंत्र शीळ ऐकून म्हणणार, हा कस्तूरच असणार. जे अपेक्षित नाही ते यंत्र पुसून दुरुस्त करतं." त्यांनी पडद्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "पाऊस आता लवकर पडायला लागलाय, पक्षी त्याप्रमाणे आले असतील. यंत्र मात्र जुन्या पंचांगावर चाललंय. माझी चूक आहे ही, मी विचारायला हवं होतं की तुम्ही कुठं फिरता."

पूर्ती बंद करता येत होती. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, मेंदू एकच सवय धरतो. घरी चालू, डोंगरावर बंद असं केलंत तर दोन्हीकडे चाचपडाल. एकदा काय ते ठरवा. बंद केलीत तर मांडवात, बाजारात निम्मे शब्द गळतील, लोकांना दोनदा विचारावं लागेल. आणि डोंगर जसा आहे तसाच ऐकू येईल.

मी म्हटलं, "बंद करा. दोनदा विचारेन. आमच्यात कोण एकदा सांगून ऐकतंय?"

घरी आले तेव्हा वन्सं बॅगेची चेन ओढत होत्या. मी मधल्या दारातून आत गेले आणि सगळं सांगितलं. सावर, आभाळातला तांबट, जुन्या नोंदी, सगळं. म्हटलं, "तुमचे डोळे चांगले आहेत वन्सं, डोकंही चांगलं आहे. नव्हतं ते मी ऐकलं, आणि होतं ते तुम्हाला नाही म्हणून सांगितलं. मला माफ करा."

वन्सं खाटेवर बसल्या. मग म्हणाल्या, "त्या बुगडीला कशाला नावं ठेवतेस. मीही तेच करत होते की."

"काय करत होता?"

"तुला चष्मेवाले ऐकू येईनासे होऊन सहा-सात वर्षं झाली, विजू. आधी नाकतोडे गेले, मग फुलटोच्या. तुला कळलंच नाही. मला दिसायचे, ऐकूही यायचे. तू गप्प चालायचीस. मग मी थांबायची, तिकडं मान वळवायची आणि म्हणायची, 'ऐकलंस ना?' तू लगेच, 'हो, चष्मेवाले.' आणि मी म्हणायची, जुळलं."

शिबिरात त्या खाली का बघत होत्या ते आत्ता कळलं. "म्हणजे सहा वर्षं दोन्ही तुम्हीच करत होता? मला का सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? गाण्याची बाई तू. भाऊ नुकताच गेलेला. तुझ्याकडं दुसरं राहिलं होतं काय?" त्यांनी बॅगेवरची नसलेली धूळ झटकली. "आणि खोटी एकही नोंद केली नाही हं. जो होता तोच म्हटला."

मी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. साठी उलटलेली बाई मी, पण ठेवलं. म्हटलं, "वन्सं, तुमचे उपकार कसे फेडू?" त्या म्हणाल्या, "डोकं उचल, जड आहे."

तरीही बॅग खाली होती आणि ती त्यांनी उघडली नाही. परवा अनघा न्यायला येणार होती. वन्संच्या मनातली भीती माझ्या एका माफीनं जाणारी नव्हती. काळी पट्टी त्यांनी बघितली होती की मनानं रंगवली होती, हे त्यांचं त्यांनाच उमगत नव्हतं. मी म्हटलं, उद्या एकदा चला. त्या नको म्हणाल्या. मी म्हटलं, मला आता कमी ऐकू येतं, एकटीला भीती वाटते. ही थाप होती आणि ती त्यांना कळली. तरी सकाळी त्या दारात चप्पल घालून उभ्या होत्या.

डोंगर फार शांत होता. जिथं नाकतोड्यांचं रान माजलेलं मी ऐकत होते तिथं दोन-चार किरकिरत होते. पण ते दोन-चार खरे होते, हे एकदा कळल्यावर प्रत्येकाशी थांबावंसं वाटत होतं. एक भुंगा शेजारून गेला. मी त्याला मनातल्या मनात म्हटलं, बाबा, तू आहेस, तुझे फार उपकार. वन्सं दुर्बीण गळ्यात न घालता पिशवीतच घेऊन चालत होत्या.

नाल्याशी आम्ही जांभळीसमोर बसलो. ऊन अजून झाडांच्या वरच होतं. बराच वेळ काही नाही. वन्सं पाचोळ्याकडे बघत होत्या, पण बोलत नव्हत्या. मला कळत होतं, त्यांना काही दिसलं तरी त्या आता सांगणार नाहीत.

आणि मग मला ऐकू आलं. दोन स्वर, एक चढता, एक उतरता. मधे भरलेलं काही नाही, पुढंमागं जोडलेलं काही नाही. पुन्हा तेच दोन स्वर. ही शीळ मी हार्मोनियमवर काढून मुलांना ऐकवलेली आहे.

"वन्सं," मी हळूच म्हटलं, "नवरंग. जांभळीच्या मुळाशी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस?"

"तुमची शपथ. मी ऐकला. आता तुम्ही बघा."

वन्संनी पिशवीतून दुर्बीण काढली. त्यांनी ती डोळ्याला लावली आणि तशाच राहिल्या. गालावरून पाणी ओघळलं तरी दुर्बीण खाली आली नाही. "काळी पट्टी," त्या म्हणाल्या. "पोट लाल. विजू, चोचीत काडी आहे त्याच्या. आणि मागं दुसराही आहे." मग कितीतरी वेळानं, "जुळलं गं."

वैशाखात नवरंगाची जोडी घरटं बांधते आहे, अशी गवळदेवाच्या डोंगरावरची ती पहिली नोंद. आमच्या दोघींच्या नावानं ती साठ्यात गेली. आता पुढच्या साली कुणाच्या कानात बुगडी असेल तर तिला वैशाखातला नवरंग ठाऊक असेल.

खाली उतरल्यावर वन्संनी पायथ्याशीच अनघाला फोन लावला. पलीकडचं मला नीट ऐकू येत नव्हतं, शब्द गळत होते, पण वन्संचा आवाज स्वच्छ होता. "उद्या येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "नाही, तब्येत ठणठणीत आहे. अगं, इथं घरटं चालू झालंय. आणि तुझ्या मामीला कमी ऐकू येतं, तिला सगळं सांगावं लागतं."